म्हादूसाठी खोली पाहिजे

तुम्ही कधी मुंबईत दुसऱ्यासाठी खोली शोधली आहे का? स्वतःसाठी शोधताना माणूस रडकुंडीला येतो, चपला झिजवतो, नशिबाला बोल लावतो. दुसऱ्यासाठी शोधताना मात्र किस्से जमतात. चपला तशाही झिजतातच, पण संध्याकाळी परत आल्यावर सांगायला काहीतरी असतं! आमच्याकडे तर एवढे जमले, की अजूनही चार जुनी माणसं भेटली आणि चहा यायला जरा उशीर झाला की कोणीतरी म्हणतंच, "ए, तो म्हशीचा सांग ना!"

सांगतो. पण आधी आमची खोली सांगायला हवी, त्याशिवाय म्हशीला अर्थ नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या गावाची एक खोली होती. म्हणजे खरोखरच गावाची. मालवणकडच्या आमच्या गावातल्या जुन्या लोकांनी वर्गणी काढून ती कधीकाळी घेतली होती, आणि नोकरीसाठी मुंबईत येणारा गावातला प्रत्येक बाप्या तिथेच उतरायचा. आम्ही बाराजण होतो. कोणी रात्रपाळीला, कोणी दिवसपाळीला, त्यामुळे सगळे एकदम आडवे होण्याचा प्रसंग फक्त रविवारी यायचा. रविवारी कूस बदलायची तर ओळीने सगळ्यांनी बदलावी लागे.

आबा आमच्यात सगळ्यांत मोठे. गिरणी बंद पडल्यावर जुहूला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन झाले होते, पण खोलीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा. गोप्या रिक्षा चालवायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असायचं. मी अंधेरीच्या एका ऑफिसात क्लार्क. खोलीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी एकटाच, म्हणून मोठ्या माणसांशी बोलायचं काम कायम माझ्या गळ्यात. "किलार्का, तू बोल. तुजा मराठी पेपरातल्यासारख्या असा," असं म्हणून सगळे माझ्या मागे उभे राहायचे.

आणि म्हादू. मरोळला एका कारखान्यात फिटर. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं, बायको शेवंती गावी. आमच्या खोलीत बाईमाणसाने राहायचं नाही, हा नियम पहिल्यापासूनचा. त्यामुळे लग्न झालं तरी म्हादू आमच्यातच, त्याच्या भिंतीकडच्या जागेवर. नवरा-बायकोची गाठ गणपतीत आणि मे महिन्यात. म्हादूला खोटं बोलता येत नसे, हा त्याचा एकुलता एक दोष. मुंबईत खोली शोधणाऱ्याला याच्यापेक्षा मोठा दोष नाही!

* * *

लग्नानंतर शेवंतीने म्हादूला साहजिकच विचारलं, "तुमची मुंबयची खोली कशी असा?"

"बरी असा."

"मोठी असा?"

म्हादूने विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "बारा माणसां र्‍हवतत."

झालं! बारा माणसं राहतात म्हणजे केवढं घर असेल! शेवंतीच्या आईने सगळ्या वाडीत सांगितलं. विहिरीवर बायका शेवंतीला विचारू लागल्या, "गो, तुज्या घोवाच्या घराक माडी असा काय?" शेवंती नुसती हसायची. म्हणजे माडी आहेच, असं विहिरीवर ठरलं.

पुढे तिचा भाऊ काही कामाने मुंबईला आला आणि अर्थातच आमच्याकडे उतरला. आम्ही त्याला दोन ट्रंकांच्या मधली चांगली जागा दिली. पाहुणा होता ना! गावी परत गेल्यावर बहिणीने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, माडी असा ना?"

"असा तर," तो म्हणाला. "तेच्यार गोप्या निजता."

तो आमचा माळा होता. त्यावर पातेली, गणपतीचं मखर आणि गोप्या एवढंच मावायचं.

त्यावर शेवंती रडली नाही की भांडली नाही. पुढच्या गणपतीत म्हादू घरी गेला तेव्हा तिने शांतपणे सांगून टाकलं, "शिमग्याची पालखी नाचली की दुसऱ्या दिवशी मी एस्टीत बसतलंय. खोली असो नायतर नसो."

म्हादूने परत आल्यावर आम्हाला हे सांगितलं. आबा म्हणाले, "येतली ती. तिचो बापूस पण असोच होतो."

"आणि खोली गावली नाय तर?" गोप्याने विचारलं.

"मगे मी तिच्यावांगडा गावाक जातलंय," म्हादू म्हणाला. "असा लगीन मी करूक नाय. नोकरी गेली खड्ड्यात."

तो खोटं बोलत नसे, हे मी सांगितलंच. म्हणून आम्ही सगळेच दुसऱ्या दिवसापासून खोली शोधायला लागलो. डिपॉझिटपुरती सोय गावच्या मंडळाने केली. उरली फक्त खोली.

* * *

पहिली खोली मालाडला एका आँटीकडे. बंगल्याच्या मागे तीन खोल्या, दारात पपईचं झाड, झकास! आँटी झुल्यावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बॅचलर लोग को नहीं देती मैं. फॅमिली किधर है?"

मी म्हटलं, "फॅमिली गावाला आहे. खोली मिळाली की येणार."

"फॅमिली आएगा तो खोली देगी."

"खोली मिळाली की फॅमिली येईल!"

असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी आँटींना दया आली. "अच्छा, शादी का फोटो लाव," म्हणाल्या.

फोटो होता! म्हादूच्या लग्नात कुडाळहून फोटोग्राफर आणला होता. मात्र त्याला एकच फोटो काढायचा हुकूम होता, त्यामुळे कोणी मागे राहायला नको म्हणून अख्खी वाडी त्या फोटोत उभी होती. ओटीवर, पायऱ्यांवर, दोघं-तिघं तर फणसावर. नवरा-नवरी मधे कुठेतरी होती. मुंडावळ्यांवरून ओळखू यायची.

आँटींनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मग एकदम घाबऱ्या होऊन विचारलं, "अरे बाबा, ये सब रहेगा इधर?"

मी तोंड उघडायच्या आत म्हादू पुढे झाला आणि आँटींना धीर द्यायला म्हणाला, "नाय, आँटी. हेच्यातले दोन वारले."

* * *

मुलुंडची खोली मात्र जवळजवळ मिळालीच होती. ती का गेली ते आठवलं की मला आजही हसावं की म्हादूला चार शिव्या द्याव्यात ते कळत नाही.

मालक एक शेठ. सज्जन माणूस, त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. अट एकच, मच्छी-मटण घरात शिजता कामा नये. मालवणी माणसाला ही अट म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हादूने डोळे मिटले. शेवंतीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला असावा. मग म्हणाला, "चलात. घरात नाय करूचंव."

शेठ खूश. निघताना आम्ही जिन्यात उभे राहून बोलत होतो. तेवढ्यात बिल्डिंगमधली एक पांढरी मांजर आली आणि माझ्या पायाशी बसली. मग एक काळी आली. मग तिची दोन पिल्लं. सगळी आमच्याकडे तोंड करून, अगदी शिस्तीत, कीर्तनाला बसल्यासारखी!

आता, त्या दिवशी सकाळीच गावाहून सुके बांगडे आले होते. त्यातले थोडे मुलुंडलाच म्हादूच्या मावशीकडे पोचवायचे होते. ती पिशवी माझ्या हातात होती. मी ती हळूच मागे घेतली. मांजरं हळूच माझ्या मागे गेली.

शेठ तर भारावूनच गेले. "अरे वा! ये सफेदवाली तो किसी के पास नहीं आती! जानवर अच्छे आदमी को बराबर पहचानता है. बस, मैंने सोच लिया, कमरा आपका!"

मी हात जोडले. पुढचा शब्द कोणी बोलायला नको, म्हणून म्हादूच्या पायावर पाय पण दिला. पण छे! शेठ आपल्याबद्दल काहीतरी चुकीचं समजतायत, हे त्या माणसाला सहन होईना.

"शेठ," तो म्हणाला, "ती माणसाक नाय वळखणत. बांगड्यांक वळखतत."

खाली रिक्षात गोप्या आमची वाट बघत होता. त्याने आमची तोंडं बघितली आणि काहीएक न विचारता रिक्षा मावशीच्या घराकडे वळवली. बांगडे तरी वेळेवर पोचले.

* * *

हां, म्हशीचा.

गोप्याच्या डोक्यात आलं की भाड्याची खोली मिळत नाही, तर सरळ बुकिंग करू या. बोरिवलीला नवीन बिल्डिंगा होत होत्या आणि त्याच्या रिक्षात एक बिल्डरचा माणूस बसला होता. "नुसता बगूक काय जाता?" गोप्या म्हणाला. एका रविवारी आम्ही गेलो.

सफारी घातलेला तो माणूस आम्हाला रस्ता संपतो तिथे घेऊन गेला, मग रस्ता संपल्यावरही बराच आत घेऊन गेला. समोर मोकळं गवत. कुठे एक वीटसुद्धा नाही. त्याने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि गवतात उतरून भराभर चालायला लागला.

"या, असे या! हा तुमचा मेन डोअर. हा पॅसेज. इकडे हॉल. हॉलला बाल्कनी."

आम्ही त्याच्या मागून ओळीने मेन डोअरमधून आत गेलो. आबांनी तर चपला बाहेर काढल्या.

"आणि ही तुमची बेडरूम," तो म्हणाला आणि थांबला. कारण बेडरूममध्ये म्हैस बसली होती. चांगली ऐसपैस, रवंथ करत.

त्याने "हैक, हैक" केलं. ती हलेना. म्हादू शेतकऱ्याचा मुलगा, त्याने जाऊन तिच्या कपाळावर हात फिरवला, शिंगांच्या मागे खाजवलं. म्हैस सुखावून आणखीच पसरली. आता ती किचनमध्येही आली.

"ते काय नाही हो," सफारीवाला घाम पुसत म्हणाला, "हा ग्राउंड फ्लोअर झाला. तुम्हाला मी थर्ड फ्लोअर देतो ना! थर्ड फ्लोअर कुठे माहितेय? तो कावळा दिसतो? त्याच्या जरा खाली."

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. म्हादू खूप लक्ष देऊन आपल्या घराकडे बघत होता.

"वारो बरो असा," तो म्हणाला.

* * *

गोरेगावची खोली देवाने घालवली. तसं आबांना म्हटलेलं आवडत नाही, पण घालवली ती घालवलीच.

चाळीतली खोली होती, मालक मराठी, मासे चालत होते, फोटो मागितला नाही, मांजर नव्हती. सगळं ठरलं. आणि आबांनी आठवण केली, "कौल?"

आमच्याकडे महत्त्वाचं काम देवाच्या कौलाशिवाय करत नाहीत. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. मी म्हटलं, "आबा, खोली हातची जाईल. नंतर घेऊ कौल." आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मॅट्रिकच्या पुढे गेल्याची मला लाज वाटली.

गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप गेला, "म्हादू गोरेगावात खोली घेता, देवाक इचारा." आम्ही मालकाला आज देतो, उद्या देतो करत थोपवून धरलं. शिमगा जवळ येत होता. म्हादू जेवायला बसला की ताटाकडे बघत बसायचा.

शेवटी तो माणूस गावाहून आला. आम्ही त्याला खोलीत शिरूसुद्धा दिलं नाही. दारातच सगळ्यांनी विचारलं, "उजवो की डावो?"

"खंयचोच नाय," तो म्हणाला. "गुरवान कळी लावल्यानच नाय. गोरेगाव म्हणजे इस्ट काय वेस्ट, ता आधी सांगा म्हणालो. आणि चाळीचा नाव, खोलीचो नंबर. अर्ध्या पत्त्यार देवाक तरास देवचो नाय म्हणता."

आमचा गुरव गावी परतण्याआधी उभा जन्म मुंबईत पोस्टमन होता, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. पत्ता अपुरा म्हणून त्याने कौल परत पाठवला होता!

तोपर्यंत ती खोली दुसऱ्या कोणाला गेली. मी रागाने आबांना म्हटलं, "बघितलंत?" आबा शांतपणे म्हणाले, "बरा झाला. थंय पाण्याचो त्रास असतलो."

* * *

एक छोटाच प्रसंग. तो हसण्यासारखा नाही, पण सांगतो.

आबा ज्या बिल्डिंगमध्ये वॉचमन होते, तिथे एक फ्लॅट वर्षभर बंद असायचा. मालक परदेशात. आठवड्यातून एकदा आबांनी तो उघडायचा, खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे, नळ सोडायचे, मग सगळं बंद करून कुलूप लावायचं. एकदा म्हादू आणि मी आबांचा डबा घेऊन गेलो होतो, तेव्हा त्यांनी आम्हालाही वर नेलं.

समुद्र दिसत होता. आमच्या घाटकोपरच्या खोल्या चार-पाच तरी बसल्या असत्या त्या हॉलमध्ये. म्हादू दाराशीच उभा राहिला, आत पाऊल टाकेना. पंखे गरगरत होते.

"हय कोण र्‍हवता?" त्याने विचारलं.

"कोण नाय."

"मगे पंखे कोणासाठी?"

"घराक सवय र्‍हवाक व्हयी म्हणान," आबा म्हणाले.

मला त्या दिवशी खरोखर राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. त्या मालकाने आमचं काही वाकडं केलं नव्हतं. पण मी जिना पाय आपटत उतरलो. म्हादूच उलट मला समजावत होता, "असूंदे रे. आपली शेवंती हयसर हरावली असती."

* * *

आणि शिमगा आला. पालखी नाचली आणि सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी शेवंती एस्टीत बसली.

सकाळी बोरिवलीला तिला उतरवून घ्यायला आम्ही जवळजवळ सगळे गेलो होतो. खोली मिळाली नाही हे तिला सांगायचं धाडस एकट्या म्हादूत नव्हतं. ती उतरली. उंच, सावळी, डोक्यावरचा पदर न ढळू देता तिने टपावरून सामान उतरवून घेतलं. तांदूळ, कुळीथ, कोकमं, नारळ, एक कोवळा फणस. प्रत्येकाच्या घरून प्रत्येकासाठी काही ना काही तिने आणलं होतं आणि कोणाचं काय ते तिला पाठ होतं. आबांच्या म्हातारीने दिलेल्या घावण्यांचं फडकं तिने आधी आबांच्या हातात दिलं. "गरम होते तेवा दिलल्यान," म्हणाली. आबांनी मान फिरवली.

मग तिने म्हादूला विचारलं, "खोली?"

म्हादू खाली बघायला लागला. दुपारच्या गाडीने दोघंही परत जाणार, हे आता आम्हाला दिसत होतं.

तेवढ्यात गोप्या रिक्षा दामटत आला. त्या सकाळी त्याच्या रिक्षात अंधेरीचे एक अभ्यंकर बसले होते. कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले. घराच्या मागची स्वतंत्र खोली द्यायची आहे, पण चांगला माणूस मिळत नाही, आधीच्या भाडेकरूने छळ छळ छळलं, असं ते वाटभर सांगत होते. गोप्याने त्यांचं भाडं घेतलं नाही आणि त्यांच्याकडून शब्द घेतला, की तासाभरात माणूस आणतो, तोपर्यंत कोणाला देऊ नका.

आम्ही फणसासकट अंधेरीला गेलो. मी वाटेत सगळ्यांना बजावलं, "तिथे कोणी तोंड उघडायचं नाही. विशेषतः म्हादू. मी बोलेन."

अभ्यंकरांचं घर स्वच्छ, अंगण सारवल्यासारखं. मागची खोली शेवंतीने दारातूनच बघितली. खिडकी, मोरी, मोरीत नळ. मग आत जाऊन तिने नळ सोडला. पाणी आलं. ती ज्या नजरेने म्हादूकडे बघून हसली, ते बघून मी ठरवलं, की आता ही खोली सोडायची नाही, अभ्यंकरांनी डोक्यावर उभं राहायला सांगितलं तरी उभं राहायचं.

अभ्यंकरांना आम्ही एवढे जण आलेलं मुळीच आवडलं नव्हतं. ते ओटीवर खुर्चीत बसले, आम्ही खाली अंगणात उभे. "माझ्या अटी आहेत," ते म्हणाले. "मी वाचून दाखवतो. प्रत्येक अट नीट ऐका. एक जरी मान्य नसेल तरी खोली नाही." त्यांनी कागद उघडला, घसा साफ केला आणि कोर्टातल्या त्या खणखणीत, लांबवलेल्या आवाजात सुरुवात केली.

"भाडेकरूने दरमहा पाच तारखेच्या आत भाडं आणून द्यावं!"

आणि ते थांबले.

आता बघा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा म्हातारा माणूस खड्या आवाजात देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि थांबतो. तो थांबला की बाकी सगळ्यांनी एका सुरात ओ द्यायची असते. लहानपणापासूनची सवय. देवळात, घरात, होळीपुढे, कुठेही. हात आपोआप जोडले जातात.

"व्हय म्हाराजा!" अख्खं अंगण गरजलं.

अभ्यंकर दचकले. चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. मी आबांना कोपराने ढोसलं. पण आबांचे डोळे मिटलेले होते.

"भिंतीला खिळे ठोकू नयेत!"

"व्हय म्हाराजा!"

"अंगणात दिवेलागणीनंतर कपडे धुऊ नयेत!"

"व्हय म्हाराजा!"

अभ्यंकरांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलायला लागलं. उभ्या आयुष्यात त्यांचं म्हणणं इतकं कोणी मनापासून मान्य केलं नसावं. ते खुर्चीतून उठले. आवाज चढला. रेडिओ मोठ्याने लावू नये, व्हय म्हाराजा! तुळशीपाशी चपला काढू नयेत, व्हय म्हाराजा! अभ्यंकर काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. रस्त्यावर दोन माणसं थांबली. मीही हात जोडून ओरडत होतो, मला ते नंतर कळलं.

"आणि भाडेकरूचे गाववाले वा ओळखीचे इसम," अभ्यंकरांनी एक दमदार श्वास घेतला, "सदर खोलीत येणार नाहीत, बसणार नाहीत आणि मुक्काम करणार नाहीत!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही गरजलो.

आपण काय कबूल केलं ते बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. बाकीच्यांच्याही आलं असावं, कारण कोणी कोणाकडे बघेना. पण मनात म्हटलं, असू दे. म्हादूचं घर झालं ना, बास. आम्ही रस्त्यावर भेटू.

"नाय म्हाराजा."

आवाज मोठा नव्हता. शेवंती मागच्या खोलीकडून येऊन अंगणाच्या कडेला उभी होती, हात जोडूनच.

आबा पुटपुटले, "शेवंते, गप!"

"माज्या घोवाक इतकी वर्सां ह्येंनी सांभाळल्यानी," ती अभ्यंकरांना म्हणाली. "त्येंका भायर ठेवन माका खोली नको."

म्हादू जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला. फणस त्याने उचलून काखेत घेतला होता.

अभ्यंकरांनी एकदा काकूंकडे बघितलं. मग खिशातून पेन काढलं, कागद खुर्चीच्या हातावर ठेवून त्या अटीवर एक लांब रेघ ओढली आणि चष्मा नाकावर सारखा केला.

"पुढचं वाचू का?" त्यांनी विचारलं.

सगळे वळून शेवंतीकडे बघत राहिले.

शेवंतीने पदर नीट केला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.